नव्या जातीचे वर्णन : आफ्रिकेतील वांगी पोखरणाऱ्या पतंगांच्या निमित्ताने

प्रास्ताविक

'नव्या जातीचा शोध' अशा आशयाचे मथळे वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. ते वाचून सामान्य वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते साधारणपणे असे असते : कोणी संशोधक निबिड अरण्यात शिरतो, पूर्वी कोणीही न पाहिलेला प्राणी त्याच्या दृष्टीस पडतो आणि तो त्यास नाव देतो. सस्तन प्राणी अथवा पक्षी यांच्या बाबतीत क्वचित असे घडतही असेल. कीटकांच्या, विशेषतः लहान पतंगांच्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती बरीच निराळी आहे. येथे 'नवी' म्हणून जाहीर होणारी जाती पुष्कळदा संग्रहालयातील पेटीत दशकानुदशके टाचणीवर उभी असते, शेतकऱ्याच्या पिकावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली असते आणि दुसऱ्याच एखाद्या जातीच्या नावाने ग्रंथांतून नोंदलेलीही असते. तिला कोणी पाहिलेले नसते असे नाही. तिला वेगळी म्हणून ओळखलेले नसते.

हे वेगळेपण ओळखणे, ते पुराव्यानिशी सिद्ध करणे आणि त्यास नियमबद्ध नाव देणे या प्रक्रियेस वर्गीकरणविज्ञानात 'जातीचे वर्णन' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात ही प्रक्रिया आफ्रिकेतील एका लहान पतंगाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, त्याचा एक धागा थेट आपल्या वांग्याच्या वाफ्यापर्यंत येतो. अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांसाठी येथेच एक खुलासा करणे योग्य ठरेल. मराठीत 'प्रजाती' हा शब्द कोणी एका अर्थाने, कोणी दुसऱ्या अर्थाने वापरतात. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात तो शब्दच टाळला असून जाती, तिच्यावर वंश आणि त्याच्यावर कुल अशी चढती श्रेणी मानली आहे.

वांग्यातील अळी आणि तिचे नाव

वांगे चिरताना आत गुलाबीसर अळी निघाली नाही असे मराठी स्वयंपाकघर विरळाच. कृषी विद्यापीठांच्या पत्रकांतून तिचा उल्लेख 'शेंडा व फळ पोखरणारी अळी' असा येतो. तिचे शास्त्रीय नाव ल्युसिनोडीस ऑर्बोनॅलिस. फ्रेंच कीटकतज्ज्ञ आशिल गेने यांनी १८५४ मध्ये हे नाव दिले. गेने हे व्यवसायाने वकील होते. एकोणिसाव्या शतकातील कीटकशास्त्राचा मोठा भाग अशाच हौशी विद्वानांच्या हातून उभा राहिला आहे. या जातीचा समावेश क्रॅम्बिडी या कुलात होतो. मादी कोवळ्या पानांवर अंडी घालते, अळी प्रथम शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो आणि पुढे फळे धरली की ती फळांत जाते. फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही, हीच शेतकऱ्याची खरी अडचण असते. पूर्ण वाढलेला पतंग पंख पसरून जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. पंख पांढुरके, त्यांवर तपकिरी-गुलाबीसर डाग आणि बसताना पोटाचे टोक वर उचललेले. एकदा पाहिला की सहसा विसरत नाही.

ही जाती मूळ आशियातील नमुन्यांवरून वर्णिली गेली. तथापि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतही वांगी आणि त्याच कुलातील स्थानिक फळभाज्या, मुख्यतः सोलॅनम इथिओपिकम ही आफ्रिकी वांग्याची जात, अशाच अळीने पोखरलेल्या आढळत. पतंगही दिसावयास तसाच. साहजिकच तेथील कीटकासही ऑर्बोनॅलिस असेच नाव मिळाले. ग्रंथांतून, कीडसूचींतून, वनस्पती विलगीकरण केंद्रांच्या नोंदवह्यांतून ते नाव स्थिरावले. एका लेखकाने दुसऱ्याचा हवाला द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि मूळ नमुना कोणीच उघडून पाहू नये, अशी ही परंपरा होती. युरोपातील विमानतळांवर आफ्रिकेतून आलेल्या फळांत अळी सापडली की तिची नोंद याच नावाने होई.

२०१५ मध्ये रिचर्ड मॅली, मथियास न्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'झूकीज' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रबंधाने ही समजूत मोडीत काढली. पंखांवरील नक्षी, जननेंद्रियांची रचना, अळीची लक्षणे आणि पेशीतील तंतुकणिकांमधील डीएनए असे चार प्रकारचे पुरावे त्यांनी एकत्र तपासले. त्यांनी तपासलेल्या आफ्रिकी नमुन्यांपैकी एकही ऑर्बोनॅलिसचा निघाला नाही. त्याऐवजी सहाराच्या दक्षिणेस या वंशाच्या, केवळ तेथेच आढळणाऱ्या आठ जाती असल्याचे दिसून आले. त्यांपैकी लायसॅलिस ही एकच पूर्वी ज्ञात होती. उरलेल्या सात जाती विज्ञानाला नव्या होत्या. त्यांना आफ्रिकेन्सिस, इथिओपिका, केन्येन्सिस, मलाविएन्सिस, रिमावॅलिस, स्यूडोरिमावॅलिस आणि युगांडेन्सिस अशी नावे देण्यात आली.

यातील आफ्रिकेन्सिस ही जाती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आफ्रिकेतून युरोपात फळांबरोबर जाणाऱ्या या वंशाच्या कीटकांपैकी बहुसंख्य हिचेच असून, सुमारे पन्नास वर्षे ती अशी वारंवार जात होती असे याच संशोधनात दाखविण्यात आले. अर्धशतकभर जो कीटक निरीक्षकांच्या चिमट्यात येत राहिला, त्यास स्वतःचे नावच नव्हते. तो दुसऱ्याच्या पारपत्रावर प्रवास करीत होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

वर्णन म्हणजे तुलना

आता प्रश्न असा की, दिसण्यात जवळजवळ एकसारखे असणारे पतंग वेगवेगळ्या जातींचे आहेत हे ठरवावयाचे कसे?

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्या हातातील नमुना 'नवा' आहे हे त्या नमुन्याकडे कितीही वेळ पाहून समजत नाही. ते समजण्यासाठी आजवर वर्णिलेल्या सर्व जवळच्या जाती माहीत असाव्या लागतात. खवलेपंखी कीटकांच्या, म्हणजे फुलपाखरे व पतंग यांच्या, सुमारे १ लाख ६० हजार जातींची वर्णने आजवर झाली आहेत. त्यांतील फुलपाखरे सुमारे १९ हजारांच्या आसपास, बाकी सारे पतंग. ही वर्णने दोन-अडीच शतकांच्या काळात लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा अनेक भाषांतून, अनेक देशांतील नियतकालिकांत विखुरलेली आहेत. जुनी वर्णने बहुधा चार-सहा ओळींची. 'अग्रपंख पांढरे, मध्ये तपकिरी डाग' एवढ्यावर आज दहा जातींतून एक निवडता येत नाही. तेव्हा अभ्यासकास त्या नावामागील मूळ नमुन्याकडेच जावे लागते.

या मूळ नमुन्यास 'टाइप' अथवा प्ररूप म्हणतात. जातीचे नाव हे तिच्या वर्णनाशी बांधलेले नसून एका विशिष्ट टाचणीवरील एका विशिष्ट कीटकाशी बांधलेले असते, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु तिचे शहाणपण विचारांती ध्यानात येते. वर्णन अपुरे अथवा चुकीचे असू शकते, वर्णन करणाऱ्याची दृष्टी त्याच्या काळाने मर्यादित असते. नमुना मात्र पुढील पिढीच्या नव्या साधनांनी पुन्हा तपासता येतो. गेने यांना डीएनएची कल्पना असणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी ज्या आशियाई कीटकांस ऑर्बोनॅलिस म्हटले, त्यांच्याशी आजच्या आफ्रिकी नमुन्यांची तुलना होऊ शकते, कारण ते नाव आशियातील त्या नमुन्यांशी जोडलेले आहे. आफ्रिकी कीटक कितीही तसाच दिसो, त्या नमुन्यांशी तो जुळत नसेल तर ते नाव त्याचे नव्हे.

आफ्रिकी पतंगांच्या अभ्यासात या व्यवस्थेची एक कडू बाजूही आहे. वसाहतकाळात गोळा झालेले बहुतेक प्ररूप लंडन, पॅरिस, बर्लिन, बेल्जियममधील टेर्व्हूरेन येथील संग्रहालयांत आहेत. प्रिटोरियातील समृद्ध संग्रहासारखे अपवाद सोडल्यास, नैरोबी अथवा कंपाला येथील संशोधकास स्वतःच्या अंगणातील पतंग ओळखण्यासाठी युरोपात जावे लागते अथवा तेथून छायाचित्रे मागवावी लागतात. आपल्याकडील स्थितीही फारशी निराळी नाही. ब्रिटिश अमदानीत वर्णिलेल्या असंख्य भारतीय पतंगांचे प्ररूप आजही लंडनमध्येच आहेत.

पंखांकडून जननेंद्रियांकडे

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांची भिस्त मुख्यतः पंखांचे रंग, नक्षी व शिरांची रचना यांवर होती. लहान पतंगांच्या क्षेत्रातील एडवर्ड मेरिक हे मोठे नाव. १८५४ ते १९३८ हा त्यांचा जीवनकाळ. इंग्लंडमधील एका शाळेत शिक्षक असलेल्या या गृहस्थाने आफ्रिका आणि भारतासह जगभरातून आलेल्या हजारो लहान पतंगांना नावे दिली, आणि तीही जननेंद्रियांचे विच्छेदन जवळजवळ न करता. त्यांच्या उरकाचे कौतुक वाटते. परंतु त्यांची कित्येक नावे नेमकी कोणत्या कीटकाची, हे उलगडण्यात नंतरच्या अभ्यासकांची आयुष्ये गेली, हेही नमूद केले पाहिजे.

विसाव्या शतकात जननेंद्रियांच्या रचनेस प्राधान्य आले. पतंगाच्या पोटाच्या टोकाशी असणारे कायटिनयुक्त कठीण भाग जातीपरत्वे निश्चित आकाराचे असतात, आणि पंखांप्रमाणे ते झिजत अथवा विटत नाहीत. ही तपासणी करण्याची पद्धत आजही फारशी बदललेली नाही. वाळलेल्या पतंगाचे पोट हलकेच सोडवून घेतात व पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साधारण १० टक्के द्रावणात ठेवतात. मांसल भाग विरघळतो, कठीण भाग राहतो. नंतर अल्कोहोलमध्ये बारीक कुंचल्याने खवले झाडून काढतात. नराच्या दोन्ही बाजूंच्या झडपांसारख्या पकडी उघडून पसरतात, मधली नलिका अलग करतात आणि हे सारे काचपट्टीवर कायमचे बसवितात. काचपट्टीला क्रमांक देऊन तोच क्रमांक मूळ पतंगाच्या टाचणीवरील चिठ्ठीत लिहितात. हे शेवटचे काम क्षुल्लक वाटते, परंतु काचपट्टी आणि पतंग यांची ताटातूट झाली की दोन्ही निरुपयोगी. दोन सेंटिमीटरच्या पतंगाच्या बाबतीत हे सर्व मोहरीएवढ्या जागेत, सूक्ष्मदर्शकाखाली, दोन सुयांच्या टोकांनी करावे लागते. हाताला कंप असेल तर हा विषय घेऊ नये.

ल्युसिनोडीसच्या आठ आफ्रिकी जाती ओळखण्यासाठी मॅली व सहकाऱ्यांनी दिलेली किल्ली नराच्या जननेंद्रियांवरच आधारलेली आहे. यातून एक व्यावहारिक अडचण निर्माण होते. फळांच्या पेटीत निरीक्षकाला नर पतंग सापडत नाही. सापडते ती अळी, आणि अळीला प्रौढाची जननेंद्रिये नसतात. येथे डीएनएचा उपयोग होतो. कॅनडातील गेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये तंतुकणिकांतील एका ठराविक जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरावा असे सुचविले. दुकानातील वस्तूवरील पट्ट्यांच्या संकेतावरून त्यास 'डीएनए बारकोड' हे नाव पडले. अळी, कोष, नर, मादी यांपैकी कोणत्याही अवस्थेतून हा तुकडा काढता येतो. त्यामुळे अळीचा बारकोड आधी ओळखलेल्या नराच्या बारकोडशी जुळला की अळीचीही ओळख पटते. आज तर एकाच पोटातून प्रथम डीएनए काढून घ्यावा आणि उरलेल्या कवचातून जननेंद्रियांची काचपट्टी करावी, अशीही पद्धत वापरात आहे.

बारकोडविषयी आपल्याकडे थोडा अतिउत्साह दिसतो, म्हणून एक इशारा. दोन नमुन्यांच्या बारकोडमध्ये अमुक टक्के फरक दिसला की त्या दोन जाती, असा कोणताही निसर्गनियम नाही. तंतुकणिका केवळ मातेकडून येतात. वॉल्बॅकियासारखे मातेकडूनच पुढे जाणारे जिवाणू कीटकात असतील तर त्या डीएनएचा इतिहास जातीच्या इतिहासापासून फारकत घेऊ शकतो. म्हणूनच चांगला अभ्यासक बारकोडला निकाल न मानता साक्षीदार मानतो आणि अन्य साक्षीदारांशी त्याचे म्हणणे ताडून पाहतो. ल्युसिनोडीसच्या बाबतीत पंख, जननेंद्रिये, अळ्या व डीएनए या साऱ्या साक्षी पुढे आल्या, म्हणूनच तो निष्कर्ष भक्कम ठरतो.

नाव देण्याचे नियम

प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आहे. ही संहिता जाती खरी की खोटी हे ठरवीत नाही. नाव नियमानुसार दिले गेले की नाही एवढेच पाहते. आपण वर्णिलेली जाती उद्या दुसऱ्या कोणी मोडीत काढू शकतो, संहितेची त्यास हरकत नाही. नाव कोठे प्रसिद्ध करावे याविषयीही संहिता आश्चर्य वाटावे इतकी उदार आहे. सहकर्मी-परीक्षणाची अटसुद्धा ती घालीत नाही. काही अटी मात्र काटेकोर आहेत. नाव नवे आहे असा स्पष्ट उल्लेख हवा. इतर जातींपासून वेगळेपण दाखविणारी लक्षणे शब्दांत दिलेली हवीत. एक नमुना मूळ प्ररूप म्हणून, म्हणजे होलोटाइप म्हणून, नेमलेला हवा आणि तो कोणत्या संग्रहात आहे अथवा ठेवला जाईल हे सांगितलेले हवे.

नियतकालिकांच्या संपादकांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक अट २०१२ मध्ये संहितेत झालेल्या दुरुस्तीने आली. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या अंकात नवे नाव दिले असेल, तर त्या लेखाची 'झूबँक' या अधिकृत नोंदवहीत आगाऊ नोंदणी झालेली असली पाहिजे आणि तिचा पुरावा लेखातच असला पाहिजे. तसे नसेल तर शास्त्राच्या दृष्टीने ते नाव प्रसिद्धच झालेले नाही. अलीकडे अनेक महाविद्यालयीन नियतकालिके छापील अंक बंद करून केवळ संगणकावर निघू लागली आहेत. एखाद्या प्राध्यापकाने कष्टाने वर्णिलेली जाती या एका त्रुटीमुळे नावाविना राहू शकते.

नावामागे कंसात येणाऱ्या व्यक्तिनामाचा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. 'ल्युसिनोडीस ऑर्बोनॅलिस गेने, १८५४' येथे कंस नाही, परंतु 'ल्युसिनोडीस लायसॅलिस (वॉकर, १८५९)' येथे आहे. कारण सोपे आहे. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहाच्या याद्या करता करता हजारो नावे देणाऱ्या फ्रान्सिस वॉकर यांनी ही जाती वेगळ्या वंशात वर्णिली होती. पुढे ती स्केलिओडीस या वंशात गणली जात होती. २०१५ च्या अभ्यासात स्केलिओडीस आणि ल्युसिनोडीस हे दोन्ही वंश वस्तुतः एकच ठरले. दोन्ही नावे गेने यांनी १८५४ मध्येच दिलेली होती. त्यांतील ल्युसिनोडीस राखले गेले आणि लायसॅलिस त्यात आली. वंश बदलला की मूळ नाव देणाऱ्याचे नाव कंसात जाते, इतकेच. याच अभ्यासात गेडे यांनी १९१७ मध्ये दिलेले ट्रान्सलुसिडॅलिस हे नाव लायसॅलिसचेच दुसरे नाव ठरून बाद झाले. वॉकर यांच्या घाईविषयी कीटकशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यांची असंख्य नावे पुढे रद्द झाली. येथे मात्र प्राधान्याच्या नियमाने त्यांचेच नाव टिकले.

नाव चुकल्याने काय बिघडते?

हा प्रश्न वाणिज्य अथवा भाषा विषयाचे सहकारी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. अळी वांगे खाते हे खरे असता तिला ऑर्बोनॅलिस म्हटले काय अन् आफ्रिकेन्सिस म्हटले काय, वांगे तर गेलेच.

तथापि किडीविषयीची आपली सर्व माहिती नावाच्या दोरीवर टांगलेली असते. वांग्याच्या पिकात आपले शेतकरी कामगंध सापळे लावतात. त्यांतील गोळीत ऑर्बोनॅलिसच्या मादीचा गंध कृत्रिम रीतीने तयार करून घातलेला असतो. गंधाची ही भाषा बहुधा जातीपुरती मर्यादित असते, आणि निकटच्या जातींत घटकांचे प्रमाण बदलले तरी नर फिरकत नाही. भारतात वा बांगलादेशात यशस्वी ठरलेली गोळी केनियात वा घानात तशीच चालेल, असे केवळ नावसाम्यावरून गृहीत धरता येत नाही. परोपजीवी मित्रकीटकांचेही तेच. वनस्पती विलगीकरणाच्या दृष्टीने तर प्रश्न आणखी थेट आहे. कोणती कीड कोणत्या देशात आधीच आहे आणि कोणती नाही, यावर फळांच्या आयातीचे निर्बंध ठरतात. ऑर्बोनॅलिस आफ्रिकेत आहेच असे कागदोपत्री मानले, तर आशियातून ती खरोखरीच तेथे जाऊ नये म्हणून दक्षता घेण्याचे कारणच उरत नाही.

चुकीच्या ओळखीची किंमत किती मोठी असू शकते हे आफ्रिकेनेच अन्य एका किडीच्या बाबतीत अनुभवले आहे. १९७० च्या दशकात कसाव्यावरील पिठ्या ढेकूण त्या खंडात पसरला. कसावा हे तेथील कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न. १९७७ मध्ये या किडीचे वर्णन होऊन तिला फेनाकोकस मॅनिहोटी हे नाव मिळाले. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतील, म्हणून किडीचे नैसर्गिक शत्रू तेथे शोधणे सुरू झाले. खंडाच्या उत्तर भागात हुबेहूब तसाच पिठ्या ढेकूण आढळला. पण त्यावरील परोपजीवी आफ्रिकेतील किडीवर चालेनात. कारण ती निराळीच जाती होती. तिला १९८१ मध्ये फेनाकोकस हेरेनी असे नाव देण्यात आले. खरी मॅनिहोटी त्याच वर्षी पॅराग्वेमध्ये सापडली आणि तिच्यावरील एनागायरस लोपेझी ही चिमुकली गांधीलमाशी नायजेरियात सोडण्यात आली. पुढे ती खंडभर पसरून कीड आटोक्यात आली आणि या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ही कथा आपल्यापासून दूर राहिलेली नाही. तीच कीड २०२० मध्ये केरळात आढळली, तमिळनाडूत पसरली, आणि २०२२ मध्ये तीच गांधीलमाशी बेनिन येथून आणून सेलमच्या परिसरात सोडण्यात आली. सेलम म्हणजे आपल्या उपवासाच्या साबुदाण्याचे माहेर. किडीची ओळख आधीच पक्की झालेली असल्यामुळे यावेळी शत्रूचा शोध घेण्यात वर्षे घालवावी लागली नाहीत.

आपल्या याद्यांविषयी

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या परिसरातील फुलपाखरे, पतंग, कोळी यांच्या याद्या प्रसिद्ध करण्याचा उपक्रम सर्वत्र वाढला आहे. उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु यांतील बहुसंख्य याद्या छायाचित्र आणि ग्रंथातील चित्र यांच्या तुलनेवर आधारलेल्या असतात. मोठ्या फुलपाखरांपुरते ते एक वेळ चालेल. लहान पतंगांच्या बाबतीत मात्र अशा यादीतील नाव म्हणजे केवळ अंदाज होय, आणि आफ्रिकेतील ऑर्बोनॅलिसच्या नोंदी अशाच अंदाजांच्या साखळीतून उभ्या राहिल्या होत्या. यादी करताना प्रत्येक नावामागे निदान एक नमुना जपून ठेवावा, त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि शक्य तेथे अळीची खाद्यवनस्पती लिहावी, आणि तो नमुना कोठे आहे हे यादीत नमूद करावे. उद्या कोणास शंका आली तर त्याला पेटी उघडून पाहता आली पाहिजे. विभागप्रमुख बदलले की डांबरगोळ्यांचा खर्च कोणी करावयाचा यावरून आपल्याकडील कित्येक संग्रह वाळवीच्या स्वाधीन झाले आहेत, हेही खरे.

नवी जाती वर्णिण्याचा योग आल्यास भारतात आणखी एक बंधन आहे. जैविक विविधता कायदा, २००२ मधील कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त भांडारास कळवून तिचा पुरावा-नमुना तेथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी हे काम प्रामुख्याने कोलकाता येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे. स्थानिक महाविद्यालयाच्या कपाटात होलोटाइप ठेवण्याचा मोह यामुळे टळतो, आणि प्ररूप देशातच, सर्व अभ्यासकांना पाहता येईल अशा जागी राहतो. लंडन अथवा टेर्व्हूरेनकडे डोळे लावून बसलेल्या आफ्रिकी अभ्यासकास ही तरतूद किती मोलाची वाटेल हे वेगळे सांगावयास नको.